बळीरामचे पांगाऱ्याचे मासे

बळी, तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. दहावा झाला, तेरावा झाला, गोडजेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. मी दुकान उघडतो, खिळे तोलतो, दोर मापून देतो आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुझ्याशी बोलत बसतो. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सांगायला मला दोन वर्षं मिळाली होती आणि त्या दोन वर्षांत तू मला रोज भेटत होतास, तेव्हा वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. ज्या उत्तराची वाट बघत तू गेलास ते अमेरिकेहून केव्हाच आलं होतं. दुकानाच्या खणात, पावतीपुस्तकांच्या खाली होतं. अजून आहे.

तू म्हणायचास, इश्या गोष्ट सांगायला लागला की आधी बैल घ्यायला बाजारात जातो, मग गाडी जुंपतो. तर आता बैलापासूनच सांगू दे. तुझ्या घरच्या कौसल्या वहिनींना वाचता येत नाही, म्हणून तर मला हे लिहायचा धीर होतो आहे.

सोमनाथ आला होता ते वर्ष आठवतं का? गिरिजाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेलेला आमच्या नात्यातला पहिलाच. नात्यातल्या एका लग्नाला म्हणून आला आणि सामानात मासे धरायची काठी घेऊन आला. आमच्या घरात मासळी हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही, आणि जावयाच्या घरी मुलानं गळ आणला म्हणून माझ्या सासूबाई दिवसभर देवघरातून बाहेर आल्या नाहीत. मला मात्र लहानपणापासून पाण्याच्या काठी बसायचा नाद होता, आणि तो तुझ्यामुळे लागलेला. मी बसायचो, तू धरायचास. सोमनाथला घेऊन आपण काळ्यापिवळ्या जीपनं धनेगावच्या धरणावर गेलो. अमेरिकेत म्हणे मस्की नावाचा लांब तोंडाचा मासा असतो, हजारदा गळ टाकावा तेव्हा एकदा लागतो, आणि लागला की फोटो काढून परत पाण्यात सोडतात. तू माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालास, "ह्यांना तिकडं जेवायला मिळतंय ना बे?"

त्या दिवशी काहीच लागलं नाही. विमानात वजन जास्त होतंय म्हणून सोमनाथ ती काठी, तिचं दोर गुंडाळायचं चाक आणि आमिष म्हणून लावायचा एक लाकडी मासा माझ्याकडे टाकून गेला. वीतभर लांब, चपट्या अंगाचा मासा. पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. ना पंख, ना खवले. मी तो तुझ्या सुतारकामाच्या कामठ्यावर आणून दिला. तू लाकूड तासायचा वाकस खाली ठेवलास, चष्मा पुसलास, मासा उलटासुलटा केलास आणि निकाल दिलास, "अमेरिकावाल्यानं काम अर्धं सोडलंय."

मग तू ते पूर्ण केलंस. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलंस आणि पंधरा दिवस खपून असा मासा कोरलास की देवाच्या पालखीवर बसवावा. गुबगुबीत पोट, प्रत्येक खवला वेगळा, कल्ल्यांना लाली. अंबाजोगाईला देवळापुढच्या दुकानातून देवाच्या दगडाला लावायचे डोळे आणलेस आणि ते चिकटवलेस. मी म्हणालो, मारुतीचे डोळे माशाला लावतोस, लाज वाटत नाही? तू म्हणालास, "दिसायला नको का त्याला? आंधळं कोण गिळंल?" आपण तो गावच्या पायऱ्यांच्या बारवेत सोडला. दोर ओढला तर तुझा मासा कुशीवर पडला, पोट वर केलं आणि बाजारातून उशिरा परतणाऱ्या माणसासारखा लोळत लोळत आपल्याकडे आला. मी पायरीवर बसून हसलो. तू हसला नाहीस. मासा पिशवीत टाकलास आणि घरी निघून गेलास, आणि चार दिवस दुकानाच्या रस्त्याला फिरकला नाहीस.

पाचव्या दिवशी आलास तेव्हा हातात सोमनाथचा मासा होता आणि तोंडावर एक विचित्र आनंद. "इश्या, त्यानं अर्धं सोडलेलं न्हाई. चपटंच पायजे. चपटं हाय म्हणून पाणी त्याला बाजूला सारतंय." सुताराला चपटं लाकूड म्हणजे अजून घडवायचं राहिलेलं लाकूड. तीस वर्षांचं ते वळण तू चार दिवसांत मोडलंस. मला नाही वाटत मी कधी काही असं मोडलं असेल. आमच्यात बापानं तराजू जिथं टांगला तिथंच मुलगा टांगतो.

त्यानंतरचा हिवाळा मी जगलेल्या दिवसांतला सगळ्यात चांगला होता. मंगळवारी दुकान बंद असायचं, त्या दिवशी आपण सकाळीच बारवेवर. तू शेगडीवर पळीत शिसं वितळवायचास, गिरमिटानं माशाच्या पोटात भोक पाडून त्यात ओतायचास, आणि मी पाण्यात टाकून बघायचो. शिसं पुढं झालं की तोंड खाली, मागं झालं की शेपूट खाली. तू कानसीनं राईएवढं शिसं काढायचास आणि म्हणायचास, टाक. सायकलच्या ब्रेकची तार उकलून तू तिचा दोर केलास, मरळीसारख्या मोठ्या माशाचे दात लागले तरी तुटू नये म्हणून. आणि एक दिवस मासा पाण्यात नीट गेला. मी काठीला झटका दिला, मासा डावीकडं हातभर सरकला, थांबला. पुन्हा झटका, उजवीकडं. शांत, घसरत, जणू त्याला कुठं जायचं ते माहीत होतं. तू वरच्या पायरीवरून खाली आलास आणि काठी माझ्या हातातून घेतलीस. "वढू नको रे. तू लई वढतोस. टिचकी मार अन् लगेच दोर ढिला सोड. ढिला सोडलास तर त्यो जातोय." पाच-सहा मंगळवार मला ते जमलं नाही. दुकानदाराचा हात, आलेलं सोडायची सवय नाही. जमलं त्या दिवशी तू फक्त बिडी पेटवलीस. तुझ्या सगळ्या शाबासक्या अशाच असायच्या.

आणि मग ती मरळ. तिच्यावरून आपलं भांडण झालं ते मिटलंच नाही, म्हणून ते आज पुन्हा काढतो. धरणाचं पाणी उतरलेलं होतं, बाभळीची बुडलेली खोडं वर आली होती. मी तुझा तिसरा की चौथा मासा त्या खोडांच्या कडेनं आणत होतो. झटका, ढिल. झटका, ढिल. थांबलेल्या माशाच्या मागं पाणी काळं झालं आणि काठी माझ्या हातातून जवळजवळ गेली. तू पाण्यात कंबरेपर्यंत उतरून तिला कल्ल्यात बोटं घालून वर काढलंस. दंडाएवढी जाड, पाठ डांबरासारखी.  तू काट्यातून तिला सोडवलंस आणि माझ्याकडं दिलीस, कारण लागली माझ्या काठीला होती. आणि मी ती सोडून दिली.

 केजच्या स्टँडवर जीपमधून उतरल्यावर तू म्हणालास, "तुझा धरम तुझ्यापाशी. पर घरी मसाला वाटून ठिवलाय." मी म्हणालो, बळी, माझ्या गळ्यात लिंग आहे, मी जीव घेऊन घरी कसा जाऊ? तू म्हणालास, "मग गळात कावून धरलास? तिला कळतंय का तुझ्या गळ्यात काय हाय? तिचं तोंड फाटलंच की."  मी तेव्हा म्हणालो की पुढच्या वेळी लागली तर तुझी. पुढची कधी लागलीच नाही. ती एकच मरळ आपल्या वाट्याची होती, आणि ती मी दानशूरपणा करून पाण्यात घातली. वहिनींनी त्या दिवशी मसाल्यात वांगी घातली असं तू नंतर सांगितलंस, हसत. मला ते हसू आवडलं नव्हतं. मी चुकलो होतो, बळी. तेव्हाही माहीत होतं.

तुझं सुतारकाम बसत चाललं होतं, हे मला दिसत होतं. पेरणीच्या तिफणी लोखंडाच्या झाल्या, वेल्डिंगवाल्याकडं रांग लागायची. बैलगाडी करून घेणारं माणूस वर्षातून एखादं. दारं-खिडक्या लातूरहून टेम्पोत भरून यायची, तयार, रंग लावलेली, आणि तुझ्याकडं माणसं फक्त बिजागरी ढिली झाली म्हणून यायची. तुझ्या अंगणात एक चाक भिंतीला टेकून उभं होतं. ज्यानं सांगितलं होतं तो ते न्यायला आलाच नाही, त्यानं ट्रॅक्टर घेतला. आणि गावात त्या वर्षी एक नवा शब्द आला होता, एक्स्पोर्ट. कुणी द्राक्षं एक्स्पोर्ट करणार होता, कुणी झेंडू, चौसाळ्याचा आमचा एक व्याही तर चिंच एक्स्पोर्ट करणार म्हणून नवे बूट घालून फिरत होता. प्रत्यक्ष काही गेलेलं मी पाहिलं नाही. पण तो शब्द मलाही चढला. मी तुला म्हणालो, तुझे मासे अमेरिकेला पाठवू.

तू आधी हसलास. "लाकडाचे मासे? त्यांच्याकडं लाकूड न्हाई का?" मग रात्रभर तुला झोप आली नसावी, कारण सकाळी दुकानाची फळी काढतो तो तू पायरीवर बसलेला. विचारलंस, "किती लागतेत पहिल्या टायमाला?"

बारा मासे आपण पाठवले. तू ते नव्या सुती कापडात गुंडाळलेस. सोमनाथचा एक दोस्त मुंबईहून निघणार होता, त्याच्या हाती दिले. आणि तू वाट बघायला लागलास. तू वाट बघणारा माणूस नव्हतास, बळी. ते तुला मी शिकवलं.

उत्तर चार महिन्यांनी आलं. सोमनाथ माझा मेहुणा, पण लिहायला सरळ. "दाजी, दुकानदाराला दाखवले. तो म्हणाला हात फार सुंदर आहे, घरात भिंतीवर लावावेत असे आहेत. पण बारा मासे बारा तऱ्हांनी चालतात. इथं गिऱ्हाईकाला एक हरवला की दुसरा तंतोतंत तसाच लागतो. ते आता मशीनवर होतात, प्लास्टिकचे. बळीरामला सांगा, यात पडू नको." एवढंच. वाईट असं काहीच नव्हतं त्यात. त्याच दुपारी तुला वाचून दाखवलं असतं तर तू दोन शिव्या घातल्या असत्यास, बिडी ओढली असतीस आणि उठून गेला असतास.

त्याच दुपारी तू आलास. तुझ्या हातातही एक पत्र होतं. तुझ्या साडूचं, पुण्याचं. तिकडं फ्लॅटच फ्लॅट उठताहेत, कॉम्प्युटरवाल्यांना स्वयंपाकघरात लाकडी कपाटं हवी आहेत, हातात कसब असलेला सुतार मिळत नाही, राहायला खोली देतो, लगेच ये. तू ते मला वाचायला लावलंस. मग गल्ल्याला टेकून उभा राहिलास आणि विचारलंस, "जाऊ का रे? तुला काय वाटतंय? का मासळीचं काही व्हईल?"

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. त्यात सोमनाथचं पत्र होतं. आणि मी म्हणालो, "थांब की. एवढी काय घाई हाय? उत्तर येईल."

तुझा हिरमोड होऊ नये म्हणून मी असं बोललो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. तू पुण्याला गेलास तर मंगळवारी मी काय करणार, हे माझ्या मनात आलं. एवढंच आलं. किराणा, खिळे, गिरिजा, देवपूजा आणि सहा दिवसांनंतर पुन्हा तेच. तुझ्याशिवाय मला काठीला हात लावायची छाती नव्हती. लोक माणसाला पैशासाठी बुडवतात. मी तुला माझ्या एका दिवसाच्या करमणुकीसाठी बुडवलं.

तू साडूला नाही कळवलंस. त्यानं दुसरा माणूस घेतला.

मग मी चोरून चोरून खरं सांगायचा प्रयत्न केला, हे तुला कळलं होतं का? एकदा म्हणालो, बळी, सगळे मासे एकसारखे करून बघ की. तू भडकलास. "एकसारखे? पोरं एकसारखी असतेत का? ह्यो उजवा हाय, ह्यो डावा हाय, ह्यो आळशी हाय त्याला दोनदा टिचकी लागती. ज्याला जसा पायजे तसा घिऊन जाईल." पण माझ्या शब्दाला मान म्हणून तू पत्र्याचा फर्मा कापलास. फर्म्यावर बेतून आठ मासे केलेस, आठही एकाच जाडीचे, आणि बारवेत टाकले तर आठही वेगवेगळे गेले. पांगाऱ्याचा एक तुकडा दुसऱ्यासारखा कधी नसतो. तू आठही मासे पायरीवर मांडून बसलास. मला तेव्हा सांगायला हवं होतं. त्या पायरीवर, तिथंच. तू मान वर करून म्हणालास, "जमंल. उत्तर यायच्या आत जमवतो." आणि मी मान डोलावली.

दोन वर्षं तू तेच केलंस. बिजागऱ्या बसवायला लोक यायचे तर त्यांना उद्या या म्हणायचास. घराच्या आढ्याला दोऱ्या बांधून मासे वाळत लावलेले. मी दर वेळी रंग द्यायचो, वार्निश द्यायचो, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं आणून द्यायचो. दार लावून, धूर कोंडून तू ते वितळवायचास, वाऱ्यानं शेगडी विझते म्हणून. खोकला लागला तेव्हा मीच खोकल्याच्या वड्या दिल्या. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिशाचं नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी कुठं गेलो असतो?

दवाखान्यात शेवटचं भेटायला आलो तेव्हा तू भिंतीकडं तोंड करून होतास. बोलायला दम पुरत नव्हता. मला बघून वहिनी पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या. तू विचारलंस, "आलं का काही?" मी ठरवून आलो होतो, बळी. जीपमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. आणि मी म्हणालो, सोमनाथचं त्या दुकानदाराशी बोलणं चालू आहे, बहुतेक होतंय. तू डोळे मिटलेस. तुझा चेहरा सैल झाला. म्हणालास, "बघ. म्हणलं न्हवतं?" तुझं माझ्याशी ते शेवटचं बोलणं. त्या दिवशी तुला बरं वाटलं, ही एक गोष्ट मला कधीकधी आधार देते. मग लगेच लाज वाटते की मी याचाही आधार घेतो.

तुझे उपकार माझ्यावर किती आहेत ते मी तुला कधी सांगितलं नाही. आमच्या घराण्यात कुणी पाण्यात पाय घातला नव्हता. झटका आणि ढिल यांच्या मधल्या त्या क्षणी मासा स्वतःच्या मनानं वळतो, ते माझ्या हाताला कळलं ते तुझ्यामुळे. पन्नाशीच्या दुकानदाराला एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ झालं. ते मिळत राहावं म्हणूनच तर मी तुला जाऊ दिलं नाही.

आज सकाळी तुझ्या घरी गेलो होतो. तुझा मेहुणा परळीहून टेम्पो घेऊन आला आहे. बहिणीला एकटी ठेवायची नाही म्हणतो, तिकडं शाळेच्या खिचडीचं काम बघून ठेवलंय. वहिनींची ट्रंक, भांडी, तुझी हत्यारं, सगळं टेम्पोत चढलं होतं. फक्त एक खोकं त्यांनी ओसरीवर ठेवलं होतं. त्यात चोवीस मासे, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तू दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी रंगवलेले.

"भावजी, ह्ये तेवढं धाडा," त्या म्हणाल्या. "अन् मला खरं सांगा. ते म्हणत होते, बोलणं चालू हाय. तसं असंल तर मी कावून जाऊ? त्यांनी हितंच बसून केलंय सगळं. मी हितंच राहती."

मेहुणा टेम्पोपाशी उभा राहून ऐकत होता. मी तोंड उघडलं. खरं तर अगदी सोपं होतं, चार शब्दांचं काम. मी वहिनींच्या तोंडाकडं बघितलं. तू असतानाही एवढ्या आशेनं कुणाकडं बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "चालू आहे."

त्यांनी पदर खोचला आणि मेहुण्याला ट्रंक खाली उतरवायला सांगितली. तो माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं दोऱ्या सोडायला सुरुवात केली. खोकं मी उचलून दुकानात आणलं आहे. तुझा मेहुणा दुपारी रिकामा टेम्पो घेऊन परळीला गेला.